सिल्मॅरिलियन पूर्ण वाचून झालं: शपथ धरून ठेवा, नावं आपोआप बसतात

भुईकोट

टॉल्किन यांचं 'सिल्मॅरिलियन' पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झालं. आनंद इतका झालाय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय हे पुस्तक अर्ध्यावर सोडलेली मंडळी सोलापुरात माझ्याच ओळखीत बरीच आहेत. हा धागा मुख्यतः त्यांच्यासाठी.

पुस्तक नेमकं कुठे अडवतं ते आधी सांगतो. याचे पाच भाग आहेत. पहिला भाग छोटा आणि अतिशय सुंदर आहे, त्यात संगीतातून सृष्टी निर्माण होते. दुसऱ्या भागात देवगणांची ओळख येते, कोण कशाचा अधिपती, कोण कुणाची पत्नी. तिसरा भाग 24 प्रकरणांचा, तोच खरा ग्रंथ. चौथ्यात नुमेनोर बेट समुद्रात बुडाल्याची कथा आहे आणि पाचव्यात अंगठ्यांचा इतिहास थोडक्यात. दुसऱ्या भागात कथा सुरू व्हायच्या आधीच नावांचा भडिमार होतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. त्यातून सुटलेले तिसऱ्या भागाच्या चौदाव्या प्रकरणात थांबतात. तिथे नुसतं भूगोलाचं वर्णन आहे, पानंच्या पानं.

माझं म्हणणं असं की हे पुस्तक कादंबरी म्हणून हातात घ्यायचंच नाही. यात एक नायक नाही, संवाद कमी आहेत, आणि शत्रूच्या अंगबांड या किल्ल्याचा वेढा जवळजवळ चारशे वर्षं चालतो तो मोजक्या पानांत उरकतो. कादंबरीच्या सवयीने वाचणाऱ्याला सारखं वाटत राहतं की लेखक आपल्याला आत घेत नाहीये. पण आपल्या घरांत चातुर्मासात पोथी लागते, ती आपण कुठे कादंबरीसारखी वाचतो? श्रीधरस्वामींचा 'पांडवप्रताप' घ्या. श्रीधरस्वामी आपल्याच जिल्ह्यातले, सांगोल्याजवळच्या नाझऱ्याचे. एक अध्याय मोठ्याने वाचायचा, वाचून झाला की घरात कुणीतरी विचारतं, 'मग पुढे त्याचं काय झालं?', आणि त्यावर बोलणं होतं. मी सिल्मॅरिलियन असंच वाचलं. रात्री जेवणं झाल्यावर एक प्रकरण, मोठ्याने. टॉल्किन यांची भाषा जुन्या धाटणीची आहे, मनातल्या मनात वाचताना जड जाते. तीच तोंडाने म्हटली की तिचा ताल सापडतो, वाक्य कुठे वळतंय ते कळतं.

आता शपथेकडे येतो. फेआनोर हा एल्फ या अमर लोकांतला सर्वश्रेष्ठ कारागीर. दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश साठवून तो तीन रत्नं घडवतो, तीच सिल्मॅरिल. देवांमधला बंडखोर मेल्कोर त्या वृक्षांचा नाश करतो, फेआनोरच्या वडिलांना ठार मारतो आणि रत्नं पळवतो. मग फेआनोर आणि त्याचे सात मुलगे प्रत्यक्ष परमेश्वराच्या नावाने शपथ घेतात की हे रत्न जो कुणी ठेवून घेईल त्याचा शेवटपर्यंत पाठलाग करू. मग तो देव असो, राक्षस असो, एल्फ असो की अजून जन्मालाही न आलेला माणूस असो. पुढची सगळी प्रकरणं या एका क्षणातून निघतात. अल्क्वालोंदेला जहाजांसाठी स्वतःच्याच भाईबंदांची कत्तल. मग तीच जहाजं लोसगारला जाळून टाकणं. त्यामुळे मागे राहिलेल्या सावत्र भाऊ फिंगोल्फिनच्या लोकांचा बर्फावरून जीवघेणा प्रवास. पुढे डोरियाथ राज्याचा नाश, सिरियन नदीच्या मुखावरची कत्तल. कुठल्याही पानावर हरवलात तर एवढंच विचारायचं, इथे शपथ काय करते आहे? उत्तर सापडतंच.

नावांबद्दल एकच सांगतो. फेआनोरचे वडील फिनवे, त्यांच्या दोन बायका. पहिलीचा मुलगा फेआनोर, दुसरीचे फिंगोल्फिन आणि फिनार्फिन. हे तीन वंश एका कागदावर उतरवून पुस्तकात ठेवा. अंबा, अंबिका, अंबालिका आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ आहेत, मग हे तिघे का जड जावेत?

वाचलेल्यांनी, सोडलेल्यांनी, सुरू करू पाहणाऱ्यांनी सगळ्यांनी लिहा.

जुळे_सोलापूर

मनापासून अभिनंदन! मी चौदाव्या प्रकरणातच थांबलेय. नद्या, डोंगर, कुणाचं राज्य कुठे, काहीच डोळ्यांसमोर येत नाही. आणि अंगठ्यांची मोठी कथा, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', अजून वाचलेली नाही. ती आधी वाचायला हवी होती का?

भुईकोट

जुळे_सोलापूर ताई, हो, ती आधी वाचलेली बरी. एलरोंड आणि गॅलॅड्रिएल तिथे म्हाताऱ्या इतिहासासारखे भेटतात. इथे त्यांच्या मागचं सगळं कळतं. गॅलॅड्रिएल ही फिनार्फिनची मुलगी, हे समजल्यावर तिचं अंगठी नाकारणं वेगळ्याच वजनाने वाचलं जातं. पण आता इतक्या पुढे आलाच आहात तर मागे फिरू नका, हेच पूर्ण करा.

चौदाव्या प्रकरणासाठी नकाशा उघडा ठेवा. नकाशा पुस्तकात आहेच, पण स्वतः काढलेला जास्त उपयोगी पडतो. वर उत्तरेला मेल्कोरचा अंगबांड, आता त्याचं नाव मॉरगॉथ. मधोमध डोरियाथचं अरण्य, राणी मेलियानच्या मायेच्या कुंपणात. उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारी सिरियन नदी, या प्रदेशाचा कणाच ती. तिच्या पश्चिमेला नारोग नदीकाठी नार्गोथ्रोंड. डोरियाथच्या उत्तरेला डोंगरांच्या कड्यात लपलेलं गोंडोलिन. पूर्वेला फेआनोरचे मुलगे, उत्तरेकडून हल्ला आला तर पहिला फटका त्यांनाच बसेल अशा जागी. एवढ्या खुणा पक्क्या झाल्या की बाकीचं वर्णन पहिल्या वाचनात भरभर वाचून पुढे गेलात तरी चालेल. अठराव्या प्रकरणात युद्ध पेटतं तेव्हा हा भूगोल पुन्हा लागतो, त्या वेळी मागे येऊन वाचा. तेव्हा तो कंटाळवाणा वाटत नाही, कारण कुठला घाट पडला की कुणाचं मरण ओढवतं हे तोवर माहीत झालेलं असतं.

सातरस्ता

धागा आवडला, पण मूळ मुद्दा मला पटत नाही. शपथ हे फळ आहे. मूळ त्याच्या आधी आहे, आणि ते टॉल्किन यांनी दुसऱ्याच प्रकरणात ठेवलंय, जिथे कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

आउले हा देवांमधला कारागीर. आपल्याला शिकवायला कुणीतरी हवं या उतावळेपणाने तो परमेश्वराला न विचारता, लपून, बुटक्यांचे सात पूर्वज घडवतो. परमेश्वर जाब विचारतो तेव्हा आउले आपल्याच निर्मितीवर हातोडा उगारतो. डोळ्यांत पाणी असतं, पण तो उगारतो. आणि ते बुटके घाबरून मागे सरकतात, दयेची भीक मागतात. तिथे कळतं की परमेश्वराने त्यांना आधीच स्वतःचा जीव दिलेला आहे. जे सोडून द्यायला आउले तयार झाला ते त्याला परत मिळालं.

आता आठवं-नववं प्रकरण आठवा. दोन्ही वृक्ष मेलेत. ते वृक्ष निर्माण करणारी देवी यावान्ना म्हणते की सिल्मॅरिलमधला प्रकाश मिळाला तर मी त्यांना पुन्हा जिवंत करेन. त्यासाठी फेआनोरला रत्नं फोडावी लागणार. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतायत. अशा वेळी 'घाई करू नका, आपण फार मोठी गोष्ट मागतोय' असं कोण सुचवतं? आउलेच. त्या सभेत त्या मागणीची किंमत ज्याने स्वतः मोजली होती असा तो एकटाच. फेआनोर नकार देतो. आणि नेमक्या त्याच वेळी निरोप येतो की रत्नं आधीच चोरीला गेली आहेत, वडीलही गेले. म्हणजे त्याच्या होकार-नकाराने वृक्षांचं काहीच बदलणार नव्हतं. बदलणार होता तो फेआनोर. टॉल्किन तिथे स्पष्ट सुचवतात की त्याने आधी होकार दिला असता तर त्याच्या पुढच्या कृती कदाचित वेगळ्या झाल्या असत्या.

माझ्या मते सगळं पुस्तक या दोन कारागिरांमधल्या फरकावर उभं आहे. आपण घडवलेलं आपलं असतं का? आणि असलं तर किती काळ? शपथ नंतर येते.

भुईकोट

सातरस्ता, हा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचतोय. आउलेचं प्रकरण आणि ही सभा अशी समोरासमोर ठेवली की सभेतलं त्याचं ते एक वाक्य केवढं मोठं होतं!

तरी शपथेबद्दल माझं म्हणणं सोडत नाही, आणि त्याचं कारण सांगतो. फेआनोर फार लवकर मरतो. तेराव्या प्रकरणातच तो जातो. त्याच्यानंतर उरतात ते सात मुलगे, आणि त्यांनी ती रत्नं घडवलेली नाहीत. आपल्या निर्मितीचा मोह हे कारण त्यांना लागू पडत नाही. तरीही ते कत्तली करत राहतात. त्यांतला थोरला मायध्रोस तर मनाने चांगला माणूस आहे. उजव्या मनगटाने कड्याला टांगलेला असताना चुलतभाऊ फिंगोन त्याला सोडवतो, आणि त्यानंतर घराण्यातलं वैर मिटावं म्हणून मायध्रोस राजपदावरचा हक्क आपणहून सोडतो. असा माणूस शेवटी जे करतो ते मोहाने नाही करत, बांधला गेलाय म्हणून करतो.

शेवटच्या प्रकरणात मायध्रोस आणि माग्लोर या उरलेल्या दोन भावांमध्ये जो वाद होतो तो मला ग्रंथाचा कळस वाटतो. मॉरगॉथचा पराभव झालाय, उरलेली दोन रत्नं देवांच्या सैन्याच्या छावणीत आहेत. माग्लोर म्हणतो, शरण जाऊ, न्याय होऊ दे. मायध्रोस विचारतो, ज्याच्या नावाने शपथ घेतली तो परमेश्वर विश्वाच्या पलीकडे, त्याच्यापर्यंत पोचून आपल्याला मोकळं कोण करणार? माग्लोर म्हणतो, मोकळं कुणीच करणार नसेल तर शपथ पाळली काय नि मोडली काय, अंधार ठरलेलाच आहे. पण मोडली तर निदान पाप तरी कमी घडेल.

मला इथे भीष्मच आठवतात. विचित्रवीर्य निपुत्रिक गेल्यावर सत्यवती स्वतः भीष्मांना सांगते की वंश चालव. जिच्यासाठी प्रतिज्ञा केली तीच मोकळं करायला तयार आहे, तरी भीष्म ऐकत नाहीत. त्यांना कुणी भीषण म्हटलं तेव्हा आकाशातून फुलं पडली होती. फेआनोरच्या शपथेवर फुलं पडत नाहीत. पण न सुटण्याची जात दोन्हींची एकच.

नवीपेठकर

वाचतोय. फार छान चर्चा. पुस्तक आजच मागवलं.

कडकभाकरी

मी अजून वाचायलोय, एकविसाव्या प्रकरणात हाय. टूरिनच्या. भुईकोट भाऊ, लई त्रास देतंय हे प्रकरण. सातरस्त्यापासून घरापर्यंत गाडीवर तेच डोक्यात होतं. बेलेग त्याचा जिवलग मित्र, जीव धोक्यात घालून शत्रूच्या तळातून त्याला सोडवून आणतो. बेड्या तोडताना तलवारीचं टोक पायाला लागतं, टूरिन अर्धवट शुद्धीत, अंधारात त्याला वाटतं कुणी छळायला आलंय, आणि तो बेलेगला ठार मारतो. मग वीज चमकते आणि त्याला चेहरा दिसतो.

मला एकच विचारायचंय. मॉरगॉथने टूरिनचा बाप हूरिन याच्या पोरांना शाप दिला म्हणून हे होतंय, की टूरिनच्या स्वभावाने? शापानेच होणार असेल तर त्या पोराचा दोष काय?

भुईकोट

कडकभाकरी, पुढचं उघड करत नाही, प्रकरण संपवा मग बोलू. या प्रश्नाचं उत्तर मी देण्यापेक्षा सातरस्ता किंवा विडीघरकुल यांनी द्यावं, दोघांचीही वाचनं माझ्या आधीची आहेत.

विडीघरकुल

ज्यांचं एकविसावं प्रकरण बाकी आहे त्यांनी हा प्रतिसाद ओलांडून पुढे जा.

टूरिनच्या कथेत टॉल्किन प्रत्येक वळणावर एक उघडं दार ठेवतात. डोरियाथमध्ये साएरोसचा मृत्यू झाल्यावर राजा थिंगोल चौकशी करून टूरिनला क्षमा करतो. पण क्षमेचा निरोप पोचेपर्यंत टूरिन निघून गेलेला असतो, आणि पुढे निरोप मिळाल्यावरही परत जात नाही. नार्गोथ्रोंडला त्याच्या सल्ल्याने नदीवर भक्कम पूल बांधला जातो. जलदेव उल्मोकडून इशारा येतो की पूल पाडा, दारं बंद करा. टूरिन मानत नाही. मॉरगॉथचा ड्रॅगन ग्लाउरुंग त्याच पुलावरून आत येतो.

म्हणजे शाप आहे, पण शापाला आत यायला वाट टूरिन करून देतो. प्रत्येक वेळी तो मानी आहे म्हणून, आणि बरेचदा तो शूर आहे म्हणूनही! दोष आणि गुण वेगळे काढता येत नाहीत, म्हणूनच वाचताना इतका जीव कासावीस होतो.

इथे सगळ्यांना कर्ण आठवतो. मलाही आठवला. पण फरक फार मोठा आहे. कर्णाला युद्धाआधी श्रीकृष्ण त्याचा जन्म सांगतात. सगळं समजून उमजून तो दुर्योधनाची बाजू सोडत नाही. त्याचं मरण त्याने डोळे उघडे ठेवून पत्करलेलं आहे. टूरिनला आपण कोण आणि आपली बायको कोण, हे शेवटच्या घटकेपर्यंत कळत नाही. कर्णाजवळ निवड होती म्हणून तो दुःखातही मोठा दिसतो. टूरिनकडून तीही हिरावून घेतली आहे. या कथेमागे टॉल्किन यांच्या आवडीचं फिनलंडचं महाकाव्य आहे, 'कालेवाला'. त्यातल्या कुल्लेर्वोचंही असंच होतं, नकळत बहिणीशी संबंध आणि मग स्वतःच्या तलवारीवर मरण. टॉल्किन यांनी तरुणपणी आधी कुल्लेर्वोचीच कथा नव्याने लिहायला घेतली होती.

आणि हूरिनचं विसरू नका. ही सगळी शोकांतिका घडत असताना बाप अंगबांडवरच्या थांगोरोद्रिम शिखरांच्या उंचीवर दगडी आसनाला जखडलेला आहे आणि मॉरगॉथच्या नजरेतून पोरांचं आयुष्य बघतो आहे. धृतराष्ट्राला निदान संजय होता. युद्धात काय चाललंय ते सांगणारा तो खरं सांगत होता. हूरिनला जे दिसतं ते शत्रूच्या डोळ्यांनी दिसतं. सुटल्यावर तो जे जे करतो त्यातून आणखी नाशच होतो, कारण त्याने पाहिलेलं सगळं वाकडं करून दाखवलेलं होतं.

होटगी_रोड

माझं आवडतं प्रकरण एकोणिसावं, बेरेन आणि लूथिएनचं. सुरू करणाऱ्यांना मी सांगेन की सगळं सोडून आधी हे एक प्रकरण वाचा. भुईकोट यांचा क्रम मला मान्य नाही. गोडी लागली की माणूस पहिल्या पानावर आपोआप जातो.

मी शाळेत शिकवते. वटपौर्णिमेच्या आधी वर्गात सावित्रीची गोष्ट सांगायची होती, तेव्हा शेजारी ही गोष्टही सांगितली. नववीच्या मुली. एकीने लगेच विचारलं की दोघींना नवरा परत मिळाला, मग जास्त कुणी दिलं? मी मलाच हा प्रश्न कधी विचारला नव्हता. घरी येऊन दोन्ही कथा पुन्हा वाचल्या.

सावित्री यमाशी बोलते. धर्माचं, सज्जनांच्या संगतीचं. तिच्या बोलण्यावर प्रसन्न होऊन यम एकेक वर देत जातो, आणि शंभर पुत्रांचा वर दिल्यावर सत्यवानाला परत देण्यावाचून त्याला गत्यंतर राहत नाही. सत्यवानाला चारशे वर्षांचं आयुष्य मिळतं, सासऱ्याला दृष्टी, राज्य, सगळं परत. बुद्धीचा पूर्ण विजय. वनपर्वात मार्कंडेय ही कथा युधिष्ठिराला सांगतात तीही द्रौपदीचं दुःख पाहून, धीर देण्यासाठी.

लूथिएन मृत्यूच्या अधिपतीसमोर, मांडोससमोर, गाते. एल्फ लोकांचं दुःख आणि माणसांचं दुःख, दोन्ही तिच्या गाण्यात एकत्र गुंफलेले. मांडोसला दया येते, त्याआधी कधी आली नव्हती आणि त्यानंतर कधी आली नाही. पण तिला जे मिळतं त्याची किंमत आहे. ती अमर आहे, बेरेन माणूस. तिच्यापुढे दोन वाटा ठेवल्या जातात. देवांच्या भूमीत दुःख विसरून राहायचं, पण बेरेनशिवाय. किंवा त्याच्याबरोबर पृथ्वीवर परत जायचं, मर्त्य होऊन, पुन्हा मरण्यासाठी. ती दुसरी वाट घेते. तिच्या माणसांपासून ती कायमची तुटते, मेल्यानंतरही. आई मेलियानचं दुःख टॉल्किन यांनी एका वाक्यात लिहिलंय आणि मला ते वाचवत नाही.

त्या मुलीला मी सांगितलं की सावित्रीने काही गमावलं नाही हेच तिचं मोठेपण, आणि लूथिएनने सगळं गमावलं हे तिचं. ती म्हणाली, बाई, मला लूथिएन आवडली.

टॉल्किन यांची पत्नी एडिथ 1971 मध्ये गेल्या, ते स्वतः 1973 मध्ये. ऑक्सफर्डजवळ वुल्व्हरकोटच्या दफनभूमीत दोघांच्या एकत्र समाधीवर त्यांच्या नावाखाली लूथिएन आणि बेरेन असं कोरलेलं आहे.

जुळे_सोलापूर

होटगी_रोड ताई, डोळ्यांत पाणी आलं. आज रात्री एकोणिसावं वाचते. भूगोल नंतर.

पूर्वभाग

एक वेगळा विषय काढतो. मला या पुस्तकाबद्दल सारखं ऐकवलं जातं की हे टॉल्किन यांचं पुस्तकच नाही, मुलाने जोडलेलं आहे, त्यामुळे त्याच्यावर एवढा वेळ कशाला घालवायचा. हे बोलणाऱ्यांना उत्तर द्यायचंय.

खरं काय ते असं. टॉल्किन यांनी या कथा पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईतून आजारी होऊन परत आल्यावर लिहायला सुरुवात केली. गोंडोलिनचा पाडाव ही सगळ्यात आधीच्या कथांपैकी एक. पुढे आयुष्यभर ते त्या पुन्हा पुन्हा लिहीत राहिले. 'हॉबिट' 1937 मध्ये आलं तेव्हा त्यांनी प्रकाशकाला या कथाही दाखवल्या होत्या, पण प्रकाशकाला हॉबिटचाच पुढचा भाग हवा होता. म्हणून आधी अंगठ्यांची कथा लिहिली गेली. ते वारले तेव्हा मागे उरली ती हस्तलिखितांची रास, एकाच प्रसंगाची वेगवेगळ्या दशकांतली रूपं. धाकटे चिरंजीव क्रिस्टोफर यांनी त्यातून एकसंध ग्रंथ उभा केला, गाय गॅव्हरिएल के या तेव्हाच्या तरुणाच्या मदतीने, आणि 1977 मध्ये सिल्मॅरिलियन छापलं गेलं. बाविसाव्या प्रकरणात, डोरियाथच्या नाशात, जोडकाम सगळ्यात जास्त आहे. हे क्रिस्टोफर यांनी पुढे स्वतःच छापून सांगितलं, आपण तिथे मर्यादा ओलांडली असावी असंही लिहिलं. सगळी मूळ टिपणं त्यांनी 1983 ते 1996 या काळात बारा खंडांत वाचकांपुढे ठेवली. लपवलं काहीच नाही.

माझी मातृभाषा तेलुगू. आमच्या घरात तेलुगू महाभारत मानाचं, आणि ते एका कवीचं नाही. नन्नय्यांनी अकराव्या शतकात सुरू केलं, अरण्यपर्वात अर्धवट राहिलं. तिक्कनांनी तेराव्या शतकात विराटपर्वापासून शेवटपर्यंत रचलं. मधलं राहिलेलं अरण्यपर्व चौदाव्या शतकात एर्रनांनी पूर्ण केलं. तिघांना मिळून आम्ही कवित्रय म्हणतो आणि तिघांनाही सारखाच नमस्कार करतो. मराठीत बघा, ज्ञानेश्वरीची पाठभेदांनी बिघडलेली प्रत एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केली, आणि तीच आपण पिढ्यान् पिढ्या वाचतो आहोत. अपुरं किंवा विस्कटलेलं मोठं काम दुसऱ्याने जीव ओतून सांभाळणं याला आपल्याकडे सेवा म्हणतात. क्रिस्टोफर यांनी वडिलांच्या कामाला आयुष्याची चाळीसहून जास्त वर्षं दिली. त्यांच्याबद्दल कुणी 'नुसतं जोडकाम' म्हटलं की मला फार लागतं.

सातरस्ता

पूर्वभाग, तुमच्या प्रत्येक शब्दाला माझं अनुमोदन.

आणि गंमत बघा, यातून माझा मघाचा मुद्दाही पुढे जातो. वडिलांनी घडवलेलं मुलाच्या हाती आलं. फेआनोरच्या मुलांनी त्या वारशाचं काय केलं ते पुस्तकात आहे. क्रिस्टोफर यांनी काय केलं ते पुस्तक हातात आहे म्हणून दिसतं. ते उघडून सगळ्यांना वाटून टाकलं.

भुईकोट

सातरस्ता, आता मात्र मानलं. वारसा हा धागा मी वाचताना धरला नव्हता. शपथ आणि रत्नं दोन्ही त्या सात जणांना वडिलांकडूनच आली, म्हणजे तुमचा आणि माझा मुद्दा कुठेतरी एकाच ठिकाणी पोचतो.

रत्नांवरून स्यमंतक मणीही आठवतो. गणेश चतुर्थीला आपण तो ऐकतोच. सत्राजित, प्रसेन, सिंह, जांबवान, मग श्रीकृष्णावर आळ, मग शतधन्वा, अक्रूर. मणी हातातून हातात जातो आणि मागे प्रेतं पडत जातात. पण शेवट वेगळा आहे. स्यमंतक अक्रूराकडे राहतो, घरातच. सिल्मॅरिल कुणाच्याच घरात राहत नाहीत. एक दर्यावर्दी एआरेंदिलच्या कपाळावर आकाशात जातं. दुसरं हातात घेताच मायध्रोसचा हात जळतो आणि तो रत्नासकट ज्वालांच्या दरीत उडी घेतो. तिसरं माग्लोर समुद्रात फेकतो. आकाश, पृथ्वी, पाणी. ज्या हक्कासाठी एवढं रक्त सांडलं तो हक्क कधीच संपलेला होता, हे त्यांना हात भाजल्यावर कळतं. हे प्रकरण मोठ्याने वाचताना माझा आवाज चिरकला होता, खरंच सांगतो.

कडकभाकरी

एकविसावं संपलं. विडीघरकुल यांचा प्रतिसाद आत्ता वाचला. पटलं. टूरिनची बहीण निएनोर, तिच्या उडीनंतर पुस्तक बाजूला ठेवून गच्चीवर जाऊन बसलो जरा वेळ. उकाडा होता तरी बसलो. उद्या पुढचं लगेच घेऊ का थांबू? एवढं दुःख सलग झेपत नाही.

विडीघरकुल

थांबू नका, पण बाविसावं आणि तेविसावंही नाशाचीच आहेत हे धरून चला. उजेड चोविसाव्यात आहे. तीन प्रकरणं एका आठवड्यात घेतलीत तर सोपं जाईल. वाचून थकलात तर ऐका. मार्टिन शॉ यांच्या आवाजातलं संपूर्ण वाचन मिळतं. संथ आणि भारदस्त आहे, या भाषेला शोभणारं. 2023 मध्ये अँडी सर्किस यांनीही वाचलंय, त्यात नाट्य जास्त आहे. मला शॉ जवळचे वाटतात. नावांचे उच्चारही त्यातून बसतात. पुस्तकाच्या शेवटी उच्चारांची टीप आणि नावांची मोठी सूची आहे, ती दर वेळी उघडायला लाजू नका. मी अजूनही उघडतो.

नवीपेठकर

पुस्तक आलं. पहिला भाग, संगीताचा, वाचला. मेल्कोर आपला बेसूर मध्ये घुसवतो आणि परमेश्वर त्यातूनच नवा विषय काढतो, तिथे थांबून परत वाचलं. किती सुंदर आहे हे! दुसरा भाग आता वाचू का सोडू?

भुईकोट

नवीपेठकर, सोडू नका, पण पाठ करायलाही बसू नका. मान्वे, वार्दा, उल्मो, आउले, यावान्ना, मांडोस आणि मेल्कोर, एवढे सात लक्षात ठेवा, बाकीचे कथेत आपापल्या वेळी येतील.

मंडळी, एक सुचवतो. चोविसावं प्रकरण आपण एकत्र बसून मोठ्याने वाचूया. सिद्धेश्वर तळ्याच्या काठी रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. कडकभाकरी आणि जुळे_सोलापूर ताई तिथवर पोचले की तारीख ठरवू. ज्यांचं वाचून झालंय ते एकेक पान वाचतील, बाकीच्यांनी ऐकायचं.

होटगी_रोड

मी येते. त्या मुलीलाही आणू का? तिने शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकाची मागणी नोंदवली आहे.

भुईकोट

अवश्य आणा, तिच्या घरून परवानगी घेऊन. आणि माझी प्रत तिच्यासाठी मी सोमवारी तुमच्या शाळेत पोचवतो. वंशावळीचा कागद आत ठेवलेला आहे.

जुळे_सोलापूर

एकोणिसावं झालं. विसाव्याला सुरुवात केली. माझ्यासाठी दोन आठवडे धरा.